४५ दिवसांचं पिल्लू, पातळ शी आणि कार्डावरची सही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार दिवसांपूर्वी तुम्ही पुण्याहून लॅब्रॅडॉरचं मादी पिल्लू साताऱ्याला आणलं. विकणाऱ्याने ‘४५ दिवसांची आहे, नाइन-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्र लस) झालंय’ असं सांगून लसीकरणाचं कार्ड हातात दिलं. कालपासून तिला पातळ शी होतेय, आज सकाळी एक उलटी झाली आणि सकाळचं खाणं तिने तसंच ठेवलं. सासूबाई दूध-पोळी द्यायला सांगतायत, शेजारी मेडिकलमधून जुलाबाची गोळी आणायला. खेळताना मुलाच्या बोटाला तिचा दात लागून रक्त आलं, त्यावर हळद लावली. आणि तुम्ही विचारताय की लस झालेली असताना पार्व्हो (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) होतो का, आणि उद्यापर्यंत थांबलं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: थांबू नका. आजच, दवाखाने उघडे असतानाच तिला दाखवा.

नुसत्या पातळ शीने मी एवढी घाई करायला लावली नसती. नवीन घर, नवीन खाणं, आईपासून तुटलेपण, यामुळे पहिल्या आठवड्यात पिल्लांची शी बिघडतेच. शी पातळ असूनही पिल्लू उड्या मारतंय, वाटी चाटूनपुसून साफ करतंय, तर एक दिवस लक्ष ठेवून बघता येतं. पण शी पातळ, वर उलटी, आणि त्यात लॅब्रॅडॉरच्या पिल्लाने खाणं सोडलंय, हे तिन्ही एकत्र आलं की रात्र काढायची नसते. तीन-चार किलोच्या जिवाच्या अंगात साठवण अशी नसतेच. मोठा कुत्रा दोन दिवस उपाशी राहून तग धरतो. पिल्लाच्या रक्तातली साखर काही तासांत घसरते आणि अंगातलं पाणी त्याहून लवकर जातं.

निघण्याआधी घरी एवढं बघून घ्या. तिचा वरचा ओठ अलगद उचला. हिरडी गुलाबी आणि ओलसर दिसली पाहिजे. बोटाने दाबलं की पांढरा ठसा उमटतो; बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत तो पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी बोटाला चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. फिकट, कागदासारखी दिसली तर रक्त कमी आहे किंवा रक्ताभिसरण मंदावलंय. डिजिटल थर्मामीटर असेल तर टोकाला थोडं खोबरेल लावून गुदद्वारात ताप बघा: १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, त्यामुळे १०१ बघून घाबरू नका. १०३ च्या वर गेलं तर ताप आहे. आणि ९९ च्या खाली असेल तर ते तापापेक्षाही वाईट लक्षण समजा. तिला टॉवेलात गुंडाळून ऊब द्या आणि लगेच निघा.

आणखी एक गोष्ट बघा. पार्व्होचं पिल्लू बऱ्याचदा पाण्याच्या वाटीपाशी जाऊन उभं राहतं, मान खाली टाकतं, नाक पाण्याला टेकतं, पण पीत नाही. तहान आहे, पण मळमळ त्याहून जास्त आहे. हे दिसलं तर सिरिंजने पाणी तोंडात ढकलू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पिल्लू अगदी लुळं पडलं असेल तर बोटावर थोडा मध किंवा साखरेचा पाक घेऊन हिरड्यांना चोळा आणि वाटेला लागा. वाटेत डॉक्टरांना फोन करून ‘पार्व्होची शंका आहे’ असं सांगा, म्हणजे ते तुम्हाला इतर पिल्लांमध्ये बसवणार नाहीत. तोवर तिला जमिनीवर सोडू नका. ताजी शी स्वच्छ डबीत घ्या, आणि कार्ड बरोबर ठेवा.

आता ‘लस झालीय ना’ या मुद्द्याकडे येतो. जवळजवळ प्रत्येक घरात इथेच गफलत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचा चीक पितं आणि त्यातून आईची प्रतिकारशक्ती त्याच्या रक्तात उतरते. ही उसनी शक्ती पहिले काही आठवडे त्याला सांभाळते. पण तीच शक्ती लसीतला विषाणूही निकामी करते. म्हणजे ती अंगात भरपूर असताना टोचलेली लस वाया जाते. ती ओसरते सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान, पण नेमकी कधी हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. एकाच आईच्या दोन पिल्लांतही फरक पडतो. अडचण अशी, की मधले काही दिवस असे येतात जेव्हा आईकडची शक्ती आजार रोखण्याइतकी उरलेली नसते, पण लसीला आडवी येण्याइतकी असते. पार्व्हो बहुतेक याच दिवसांत गाठतो. म्हणून आपण एक लस टोचून थांबत नाही. सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करायची आणि दर तीन-चार आठवड्यांनी टोचत राहायचं, ते सोळा आठवडे पूर्ण झाल्यानंतरचा डोस होईपर्यंत. किती डोस झाले यापेक्षा शेवटचा डोस कितव्या आठवड्यात झाला, हे मी आधी बघतो. बाराव्या आठवड्यात ‘कोर्स पूर्ण’ म्हणून थांबलेली आणि मग चौथ्या-पाचव्या महिन्यात पार्व्हो होऊन दवाखान्यात आणलेली पिल्लं आम्ही बघतो. सहा महिन्यांच्या आसपास आणखी एक डोस दिला, तर आधीचे सगळे वाया गेले असले तरी तो लागू पडतो.

म्हणजे तुमच्या पिल्लाला ती लस खरोखर दिली असेल, तरी ती संरक्षित आहे असं धरता येत नाही. आणि दिली होती का, हेही तपासा. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर हवं, त्यावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख हवी, शेजारी डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसती पेनने लिहिलेली तारीख आणि एक गिचमिड सही असेल तर लस झाली नाही असं समजूनच पुढचं ठरवायचं. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. दुकानाच्या काउंटरवर पडून राहिलेली बाटली टोचून काही उपयोग नाही.

वयाचंही तसंच. तिचं तोंड उघडून मागच्या दाढा बघायला डॉक्टरांना सांगा. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान दुधाचे सगळे २८ दात येतात. मागच्या दाढा अजून वर आल्या नसतील तर ४५ दिवसही भरलेले नसण्याची शक्यता आहे. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. तरी ३०-३५ दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात, कारण त्या वयात ती जास्त गोंडस दिसतात आणि विकणाऱ्याचा खाण्या-औषधाचा खर्च वाचतो. याचा मला मनापासून राग येतो. पिल्लू आईजवळ राहायचं त्या दिवसांत आजारी पडतं आणि झळ त्याला आणि घेणाऱ्या घराला बसते.

पार्व्हो हा विषाणू १९७८ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. जिथे पेशी झपाट्याने वाढत असतात तिथे तो हल्ला करतो: आतड्याचं अस्तर आणि हाडांमधला मगज. अस्तर सोलवटून निघतं, म्हणून उलट्या आणि रक्ताचे, अतिशय उग्र वासाचे जुलाब होतात. मगजावर घाला पडल्याने पांढऱ्या पेशी घटतात, आणि नेमक्या त्याच वेळी फाटलेल्या आतड्यातून जिवाणू रक्तात शिरतात. पिल्लू जातं ते बहुतेक या दुहेरी माराने आणि पाणी कमी झाल्याने. संसर्ग झाल्यापासून तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात, कधी त्याहून उशिरा. तुमच्याकडे येऊन चार दिवस झालेत, म्हणजे पार्व्हो असलाच तर ती तो बरोबर घेऊन आली असण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्या हातून काही चुकलं असं मनाला लावून घेऊ नका.

दवाखान्यात शीच्या नमुन्यावर पार्व्होची किट टेस्ट करतात, दहा-पंधरा मिनिटांत निकाल कळतो. ती निगेटिव्ह आली तरी लगेच निर्धास्त होऊ नका. आजाराच्या अगदी सुरुवातीला ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. बरोबर सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करून घ्या, पांढऱ्या पेशी किती आहेत यावरून बरंच काही कळतं. थोडी शी सूक्ष्मदर्शकाखालीही बघायला सांगा, कारण जंत किंवा जिआर्डिया, कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी यांनीही पिल्लू असंच आजारी दिसतं. टेस्ट निगेटिव्ह, तरी उलट्या थांबतच नाहीत, असं झालं तर पोटाचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी करावी लागते. लॅब्रॅडॉरची पिल्लं पायमोजे, खेळण्यातले तुकडे, काहीही गिळतात.

पार्व्होवर विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही. उपचार म्हणजे पिल्लाचं शरीर स्वतः लढेपर्यंत त्याला जगवणं: शिरेतून सलाईन, त्यात गरजेप्रमाणे पोटॅशियम आणि ग्लुकोज, उलटी थांबवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक, आणि उलटी आटोक्यात येताच थोडं थोडं खाणं. ‘पोटाला आराम’ म्हणून पाच-पाच दिवस उपाशी ठेवण्याची पद्धत आता मागे पडलीय. लवकर अन्न पोटात गेलं तर आतडं लवकर भरून येतं. उपचारच केले नाहीत तर दहातली नऊ पिल्लं जातात, आणि वेळेवर भरती करून नीट उपचार झाले तर दहातली आठ-नऊ वाचतात. पहिले तीन-चार दिवस काढले की आशा खूप वाढते. भरती करणं शक्य नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दिवसातून दोनदा आणून त्वचेखाली सलाईन आणि इंजेक्शनं देणं हा दुसरा मार्ग आहे. भरतीइतका तो भरवशाचा नाही, पण घरी बसून राहण्यापेक्षा कितीतरी बरा.

खर्चाचा अंदाज आधीच विचारा, त्यात संकोच कसला. साताऱ्याहून तुम्हाला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय हायवेवरच पडतं. तिथे शिकवणारे डॉक्टर असतात आणि शुल्क खासगीपेक्षा कमी असतं. मुंबईकडच्या वाचकांसाठी परळचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं. जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातही कुत्री बघतात.

आता मुलाच्या बोटाचं. हे पिल्लाच्या आजाराइतकंच तातडीचं आहे, खरं तर त्याच्याही आधी. ‘एवढ्याशा पिल्लाला रेबीज कसला’ हा समज अत्यंत धोकादायक आहे. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांनाही रेबीज होतो, आणि हिला रेबीजची लस मिळण्याचं वय अजून झालेलंच नाही. तिची आई कुठे होती, तिला कोणी चावलं होतं का, हे तुम्हाला ठाऊक नाही. हिला रेबीज असेल असं मी म्हणत नाही. तशी शक्यता कमी आहे. पण लक्षणं सुरू झाली की रेबीजवर इलाज नाही, म्हणून इथे शक्यता मोजत बसायचं नसतं. हळद धुऊन काढा, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, पट्टी बांधू नका, आणि मुलाला आजच सरकारी रुग्णालयात न्या. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. कातडीत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलंय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण दात कातडीच्या आत गेला असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, नुसती लस पुरत नाही. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण त्या दहा दिवसांची वाट बघत लस लांबवायची नाही. आणि एक अवघड गोष्ट सांगतो: दुर्दैवाने ती या दहा दिवसांत दगावली, तर ‘पार्व्होने गेली’ असं समजून गप्प राहू नका. मुलाच्या डॉक्टरांना लगेच कळवा.

घरच्या औषधांबद्दल. जुलाबाची माणसांची गोळी देऊ नका. तिने शी थांबल्यासारखी दिसते, पण आतलं आतच राहतं आणि काही पिल्लं गुंगीत जातात. तापासाठी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही नको. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि पॅरासिटामॉलचा डोस थोडा चुकला तरी यकृत जातं. गोचिडांसाठी गोठ्यात जनावरांवर लावतात ते औषध पाण्यात कालवून पिल्लाला आंघोळ घालणारी मंडळी आहेत. ते कातडीतून शोषलं जातं आणि पिल्लू थरथरायला लागतं. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा आणि वय-वजनाप्रमाणे औषध डॉक्टरांकडूनच घ्या. गोचीड ताप मागाहून येतो, तेव्हा फिकट हिरड्या, नाकातून रक्त अशा गोष्टींवर पुढेही नजर ठेवा.

दूधही बंद. सासूबाई मायेनेच सांगतायत, पण गाई-म्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, आणि जुलाब सुरू असताना तर नकोच. दूध-पोळी आणि ग्लुकोज बिस्किटांवर पिल्लाचं पोट भरतं, वाढ होत नाही. बरी होत असताना मऊ शिजवलेला भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन द्या. मीठ-मसाला नको, एका वेळी दोन-तीन चमचे. मग आठ-दहा दिवसांत हळूहळू पिल्लांच्या तयार खाण्यावर आणा, दिवसातून चार वेळा. ते खाणं चांगलं असेल तर कॅल्शियमचं टॉनिक वेगळं देऊ नका. मोठ्या जातीची पिल्लं जादा कॅल्शियमचं शोषण रोखू शकत नाहीत आणि त्यांची हाडं वेडीवाकडी वाढतात. शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट, कांदा आणि शुगर-फ्री च्युइंग गम तिच्या तोंडापर्यंत जाऊ देऊ नका.

जंत तिला असणारच असं धरून चाला. गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लात शिरतात आणि अंकुशकृमी दुधातून. म्हणून पिल्लाला दोन आठवड्यांपासून दर पंधरवड्याला जंताचं औषध द्यायचं असतं, आठ आठवड्यांनंतर महिन्यातून एकदा, सहा महिन्यांपर्यंत. डोस वजनावर ठरतो, आणि आज ती आजारी असल्याने कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. गोलकृमीची अंडी मुलांच्या पोटात गेली तर अळ्या डोळ्यापर्यंत पोचू शकतात. पण शीतून पडलेली अंडी बाधक व्हायला दोनेक आठवडे लागतात, त्यामुळे शी रोजच्या रोज उचलली आणि मुलाला हात धुवायची सवय लावली की हा धोका बराचसा टळतो.

पार्व्हो निघालाच तर घराची सफाई फिनेल, डेटॉल किंवा सॅनिटायझरने होत नाही. हा विषाणू त्यांना दाद देत नाही. आधी शी-उलटी पुसून साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण फरशीवर दहा मिनिटं राहू द्या. टॉयलेट क्लीनर त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. अंगणातल्या सावलीच्या मातीत विषाणू कित्येक महिने टिकतो. बरी झाल्यावरही दोन-तीन आठवडे तिच्या शीतून तो बाहेर पडू शकतो, म्हणून तेवढे दिवस तिला इतर पिल्लांपासून लांब ठेवा.

लस आजारी अंगावर टोचत नाहीत. ती पूर्ण सावरली की पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) यांच्या लसींचं वेळापत्रक नव्याने सुरू करा. लेप्टोचे दोन डोस आठ आठवड्यांनंतर, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. हा आजार उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि माणसांनाही होतो, म्हणून पावसाळ्याआधी ते झालेले बरे. बारा आठवडे भरल्यावर रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. प्रत्येक लसीनंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा; तोंड सुजलं किंवा अंगावर गांधी उठल्या तर तिथल्या तिथे इलाज होतो. कोर्स पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर चालवू नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन बाजार, गाड्या, माणसं दाखवा. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत जे बघितलं त्याची तिला पुढे भीती वाटत नाही.

दवाखान्यातून आल्यावर विकणाऱ्याला फोन करा आणि निदान काय झालं ते सांगा. भांडण नंतर करता येईल. त्याच कुत्रीची बाकीची पिल्लं कुठल्या घरांत गेली ते विचारून त्यांना निरोप पोचवा. त्यांतलं एखादं आज पहिल्यांदा वाटीपासून दूर झालं असेल, आणि त्या घरात ‘उद्या बघू’ चाललं असेल.